घरातलं सेंट्रल व्हॅक्यूम: पुण्यातून सारखे येणारे प्रश्न

बंगले आणि रो हाउसच्या आतल्या कामांत मी बरीच वर्षं आहे. सेंट्रल व्हॅक्यूमची कामं त्यातली थोडी, पण प्रश्न सगळ्यात जास्त त्याबद्दलच येतात. तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलं. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर तिथला क्रमांक सांगितला आहे.

१. सेंट्रल व्हॅक्यूम म्हणजे नक्की काय? साध्या व्हॅक्यूम क्लीनरपेक्षा वेगळं काय?

मोटर आणि कचऱ्याचा डबा एका कोपऱ्यात, म्हणजे पार्किंगमध्ये, जिन्याखाली किंवा ड्राय बाल्कनीत कायमचा बसवलेला असतो. तिथून भिंतीतून किंवा छतातून दोन इंची पाइप घरभर फिरतो आणि खोल्यांमध्ये भिंतीवर झाकणाचे पॉइंट निघतात. केर काढायच्या वेळी हातात फक्त लांब होस आणि दांडा घ्यायचा. पॉइंटचं झाकण उघडून होस घातला की होसच्या तोंडाची धातूची कडी पॉइंटमधल्या तारेच्या दोन टोकांना जोडते आणि मोटर सुरू होते. काही होसच्या मुठीवरच बटण असतं. या तारेत २४ व्होल्ट असतात, त्यामुळे लहान मुलाने बोट लावलं तरी झटका बसण्याची भीती नाही.

कल्पना नवी नाही. १९०१ मध्ये इंग्लंडमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथने यंत्राने धूळ ओढायला सुरुवात केली तेव्हा यंत्र घोडागाडीवर रस्त्यात उभं असायचं आणि खिडकीतून नळ्या घरात जायच्या. यंत्र बाहेर आणि नळी आत, ही पद्धत चाकांच्या व्हॅक्यूमपेक्षा जुनी आहे.

२. आमच्याकडे मावशी रोज केर-फरशी करतात. मग हे कशाला?

खरं सांगायचं तर बऱ्याच घरांना नको. पुण्यातली घरं फरशीची आहेत, गालिच्याची नाहीत, आणि केरसुणी व ओलं फडकं हे काम चांगलं करतात. फरक पडतो तो बारीक धुळीत. वाघोली, हिंजवडी, रावेत अशा चारी बाजूंनी बांधकाम चालू असलेल्या भागात सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. केरसुणी ती धूळ उडवते आणि अर्ध्या तासाने ती पुन्हा खाली बसते. साधा व्हॅक्यूम जाड कचरा धरून ठेवतो, पण फिल्टर बेताचा असेल तर बारीक धूळ मागच्या झरोक्यातून पुन्हा खोलीतच सोडतो. सेंट्रलमध्ये ती हवा घराबाहेर जाते. घरात दमा किंवा धुळीची ॲलर्जी असलेलं कुणी असेल, कुत्रं-मांजर असेल, किंवा तीन मजले चढून यंत्र उचलायचा कंटाळा असेल, तर विचार करा. फरशी पुसणं मात्र सुटत नाही. ते काम हे यंत्र करत नाही.

३. टू बीएचके फ्लॅटमध्ये बसवावं का?

माझं मत विचाराल तर नाही. आठ-नऊशे चौरस फुटांत चांगला कॉर्डलेस किंवा लांब वायरचा व्हॅक्यूम पुरतो. खर्चाचा मोठा भाग मशीन आणि पाइपात जातो आणि घर बदललं की पाइप तिथेच राहतो. मोठा फ्लॅट, डुप्लेक्स किंवा पेंटहाउस असेल, आणि आतलं सगळं काम नव्याने होणार असेल, तर गोष्ट वेगळी.

४. घराचं बांधकाम चालू आहे. हे कधी सांगायचं?

वीट झाली, प्लास्टर व्हायचं आहे, इलेक्ट्रिशियनने पाइप टाकायला घेतलेत: हाच दिवस. त्या टप्प्यावर दोन माणसं दोन-तीन दिवसांत तिमजली बंगल्याचा पाइप टाकतात. प्लास्टरनंतर तेच काम फोडाफोडीसकट आठवडा खातं, आणि रंग झाल्यावर सांगितलंत तर गवंडी, पेंटर आणि घरातली माणसं असे सगळेच तुमच्यावर चिडतात.

प्लास्टरच्या आदल्या दिवशी एक गोष्ट न चुकता करा. प्रत्येक भिंतीला मेजरिंग टेप उघडून लावा आणि टेपचे आकडे दिसतील असा फोटो काढा. जमिनीपासून किती आणि कोपऱ्यापासून किती, हे फोटोत यायला हवं. दोन वर्षांनी टीव्हीचा ब्रॅकेट किंवा पडद्याचा रॉड ठोकायला माणूस ड्रिल घेऊन येतो तेव्हा हा फोटो नसेल तर तो सरळ पाइपात भोक पाडतो. ते भोक पाण्याच्या पाइपासारखं ओल दाखवत नाही, नुसती ओढ कमी होते, आणि कारण शोधायला महिने जातात.

५. राहत्या घरात, भिंत न फोडता बसवता येतं का?

बहुतेक वेळा येतं, पण पाइप लपवायला जागा शोधावी लागते. आम्ही आधी वॉर्डरोब बघतो. एकावर एक मजल्यांवर वॉर्डरोब एकाच कोपऱ्यात असतील तर आतल्या कोपऱ्यातून उभा पाइप नेता येतो. मग पॅसेजचं फॉल्स सीलिंग, बाथरूमवरचा माळा, प्लंबिंगचा डक्ट. पाइप दोन इंची असला तरी क्लिप आणि बेंड धरून सीलिंगमध्ये चार-पाच इंच तरी मोकळी जागा हवी.

बीम आडवा आला तर पाइप बीमच्या खालून जाईल. बीमला भोक पाडायचं नाही. स्लॅबमधून कोअर कटिंग करायचं तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरने जागा दाखवायची, त्यानंतर यंत्र लावायचं. "दोन इंचाचं तर भोक आहे" हे वाक्य मी बऱ्याच साइटवर ऐकलंय. त्या दोन इंचांत कापली गेलेली सळई परत जोडता येत नाही.

६. भिंतीला खाच मारून पाइप गाडता येईल ना? आमच्या भिंती सिपोरेक्स ब्लॉकच्या आहेत.

भिंतीची जाडी सांगा, मग उत्तर देतो. उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल नको आणि आडवी एक षष्ठांशाहून खोल नको, हा बांधकामातला सर्वमान्य नियम. आता हिशेब करा. नऊ इंची विटेच्या भिंतीत उभी खाच तीन इंच चालते, म्हणजे पाइप आरामात बसतो. सहा इंची ब्लॉकमध्ये दोन इंच मिळतात, पाइपही दोन इंच, म्हणजे वर प्लास्टरला काही उरत नाही. तिथे प्लास्टर जाड करावं लागतं किंवा पाइपापुरता खांब उभारल्यासारखं बॉक्सिंग करावं लागतं. चार इंची पार्टिशनमध्ये विषयच सोडा, भिंतीचे दोन तुकडे होतील. आडवी खाच तर नऊ इंची भिंतीतही दीड इंचाच्या पुढे जात नाही, म्हणून आडवी लाइन नेहमी छतातून किंवा जमिनीच्या भरावातून न्यायची.

मायव्हान पद्धतीच्या नव्या इमारतींत भिंतीही काँक्रीटच्या असतात. तिथे खाच अजिबात नाही. प्रश्न ५ मधले मार्ग तेवढे उरतात, आणि कधी एसीच्या पाइपांसाठी बिल्डरने ठेवलेलं भोक कामी येतं.

७. पॉइंट किती लागतील आणि कुठे?

सुतळी घ्या. नऊ मीटर मोजून कापा, कारण घरगुती होस साधारण नऊ मीटरचा असतो. आखणीत जिथे पॉइंट ठरवलाय तिथे एक टोक धरा आणि दुसरं टोक खोलीच्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात न्या. सरळ हवेतून न्यायचं नाही, पलंगाला, सोफ्याला आणि दाराला वळसा घालून न्यायचं. दांड्याचा दीड मीटर वर मिळतो, पण तो पडद्याच्या वरची जळमटं काढायला राखून ठेवा.

या मापाने साधारण सहाशे ते आठशे चौरस फुटांना एक पॉइंट पडतो. बंगल्यात प्रत्येक मजल्यावर जिन्याजवळ एक टाकला की बहुतेक खोल्या उरकतात आणि जिनाही होतो. बेडरूममध्ये प्रत्येकी एक, हा हट्ट सोडा: प्रत्येक पॉइंट म्हणजे एक जास्तीचा सांधा आणि एक जास्तीची रबरी झडप. दाराच्या मागे, सोफ्याच्या पाठीशी आणि देवघराखाली पॉइंट नको. उंची जमिनीपासून दीड फूट ठेवा. त्याहून खाली घेतलात तर फरशी पुसताना पाणी झाकणावर उडतं.

८. खास पाइप महाग पडतो. प्लंबिंगचा पाइप टाकला तर काय बिघडलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याच्या उत्तराची किंमत मी स्वतः मोजली आहे. बावधनच्या एका रो हाउसमध्ये, माझ्या अगदी सुरुवातीच्या कामात, खास बेंड संपले म्हणून बोहरी आळीतून साधे एल्बो आणून लावले. सहा महिन्यांत वरच्या मजल्याची ओढ गेली. वॉर्डरोबमागची भिंत फोडून एल्बो कापला. आत खराट्याचा एक हीर आडवा अडकला होता. हिराला केस गुंडाळले होते, केसांना वेफरच्या पाकिटाचा तुकडा, आणि त्यावर धूळ बसून नमद्यासारखा घट्ट बोळा झाला होता. दुरुस्तीचा खर्च अर्थातच माझ्या खिशातून गेला.

कारण असं. व्हॅक्यूमच्या पाइपाचा बाहेरचा व्यास ५०.८ मिलिमीटर आणि भिंत पातळ, त्यामुळे आतून सुमारे ४७-४८ मिलिमीटर मिळतात. फिटिंग अशी घडवलेली असते की पाइपाचा आतला पृष्ठभाग आणि फिटिंगचा पृष्ठभाग एका रेषेत येतात. प्लंबिंगच्या फिटिंगमध्ये पायरी राहते आणि वळण अगदी काटकोनी असतं. पाण्याला त्याने फरक पडत नाही, केसाला पडतो.

"मग मोठा, ७५ मिलिमीटरचा पाइप टाकू, तुंबणारच नाही" असंही सुचवतात. उलट होतं. समजा मिनिटाला २.८ घनमीटर हवा वाहते आहे. दोन इंची पाइपात तिचा वेग सेकंदाला साधारण २६ मीटर पडतो. ७५ च्या पाइपात तो १२ वर येतो. बारीक धूळ तरीही जाईल, पण वाळूचा कण, तांदूळ, नखाचा तुकडा उभ्या पाइपात वर चढायचे थांबतील आणि आडव्या पाइपात थर बसेल.

९. पाइप टाकताना कामगारावर लक्ष कशावर ठेवायचं?

पाइप चिकटवायच्या सोल्यूशनवर. ते पाइपाच्या बाहेरून लावायचं, फिटिंगच्या आतून नाही. फिटिंगमध्ये लावलं की पाइप आत सरकताना ते पुढे ढकललं जातं आणि आत कडेला त्याचा कठीण वळ तयार होतो. प्लंबरला दोन्हीकडे लावायची सवय असते, म्हणून पहिल्या दहा सांध्यांना शेजारी उभे राहा. पाइप सरळ कापलाय का आणि कापल्यावर आतली कुसं पात्याने काढली का, हेही बघा.

वळणं लांब घेरावाची हवीत. काटकोनी आखूड बेंड फक्त एकाच जागी चालतो: पॉइंटच्या लगेच मागे. तिथे तो मुद्दाम असतो. सगळ्या लाइनमधलं सगळ्यात अवघड वळण तेच ठेवायचं, म्हणजे जे अडकायचं ते तोंडाशीच अडकतं आणि हाताने काढता येतं.

आडव्या लाइनला खालून येणारा फाटा जोडायचा असेल (फॉल्स सीलिंगमध्ये नेहमी तसंच असतं) तर टी (तीन तोंडांचा जोड) खाली तोंड करून लावू नये. बाजूने किंवा वरून जोडून मग खाली उतरवावा. नाहीतर मुख्य लाइनमधून जाणारा कचरा त्या फाट्यात पडत राहतो. टीचं वळण हवेच्या दिशेने, म्हणजे मशीनकडे झुकलेलं हवं. हे उलटं बसवलेलं मी दोनदा पाहिलंय.

प्लास्टरआधी गळती तपासा. सोल्यूशन पूर्ण वाळून एक दिवस जाऊ द्या, कारण ओलं असताना ते पेट घेतं. मग सगळे पॉइंट टेपने बंद करा, दुसऱ्या टोकाला कुठलाही व्हॅक्यूम लावा आणि पेटती उदबत्ती प्रत्येक सांध्याभोवती फिरवा. धूर सरळ वर गेला तर सांधा ठीक. आत वळला तर गळती. साबणाच्या पाण्याचा इथे उपयोग नाही, हवा आत ओढली जाते, बाहेर फुगा येत नाही.

१०. मशीन कुठे ठेवायचं?

जिथे आवाज चालेल, पाऊस लागणार नाही आणि हवा खेळती असेल. बंगल्यात पार्किंगची आतली भिंत सगळ्यात बरी. गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीतही ठेवतात, पण ती पश्चिमेला असेल तर एप्रिल-मेमध्ये भट्टी होते आणि मोटर गरम होऊन मध्येच बंद पडते. बंद कपाटात कधीच ठेवू नका. मशीन भिंतीवर टांगतात, तेव्हा भिंत भक्कम हवी, आणि डबा हाताला येईल अशी उंची. एका गृहस्थांनी ते माळ्यावर चढवून घेतलं होतं. डबा रिकामा करायला शिडी लागते म्हणून सहा महिने रिकामाच केला नाही. सगळ्यात लांबच्या पॉइंटपर्यंतचा पाइप २५-३० मीटरच्या आत बसेल अशी जागा निवडा.

११. हवा बाहेरच सोडायला हवी का?

शक्य असेल तर हो, बारीक धुळीचा खरा फायदा त्यातच आहे. बाहेरचा पाइप आखूड, एक-दोन वळणांचा, तोंड खाली वळवलेलं आणि सायलेन्सर लावलेला हवा. शेजाऱ्यांच्या खिडकीसमोर, लिफ्टच्या लॉबीत किंवा सामायिक डक्टमध्ये सोडू नका. बाहेर सोडायला जागाच नसेल तर चांगल्या फिल्टरबॅगचं मशीन घ्या आणि हवा ड्राय बाल्कनीत सोडा.

१२. वीज किती लागते? इन्व्हर्टरवर चालेल का?

घरगुती मशीन साधारण १४०० ते १८०० वॅटचं असतं. १६०० वॅट २३० व्होल्टवर म्हणजे सात अँपिअर, म्हणून १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट, स्वतंत्र एमसीबी आणि नीट अर्थिंग. गीझरच्याच लाइनवर जोडू नका. रोज वीस मिनिटं चालवलं तर अर्धा युनिट जातं, बिलात जाणवत नाही.

घरगुती इन्व्हर्टरवर चालत नाही. गुरुवारी देखभालीसाठी वीज जायची असेल तर केर त्याआधी उरका किंवा त्या दिवशी केरसुणी घ्या. पॉइंटची २४ व्होल्टची तार २३० च्या वायरसोबत एकाच कंड्युटमध्ये ओढायची नाही. ती व्हॅक्यूमच्या पाइपालाच टेपने बांधून न्या, पुढे शोधायलाही सोपं जातं.

१३. मुलगा अमेरिकेतून मशीन पाठवतो म्हणतो. आणू का?

मशीन नको. तिथला पुरवठा १२० व्होल्टचा. इथे सरळ जोडलंत तर पहिल्याच मिनिटाला जळेल. ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण एवढ्या मोटरला तो सुरुवातीचा झटका धरून तीन केव्हीएच्या घरातला लागतो. तो जड असतो, गुणगुणतो आणि तापतो. पुढे कार्बन ब्रश किंवा मोटर बदलायची वेळ आली की पुन्हा मुलालाच फोन. ऑस्ट्रेलिया-युरोपसाठी बनवलेलं २२०-२४० व्होल्टचं मशीन चालतं.

मुलाला काही पाठवायचंच असेल तर साधा होस, दांडा, ब्रश आणि पाइपाची फिटिंग पाठवू दे. फक्त होसमधून वीज जाणारा फिरता ब्रश नको, तो १२० चा असतो आणि फरशीच्या घरात लागतही नाही.

१४. कंपन्या वेगवेगळे आकडे दाखवतात. कुठला बघायचा?

वॅट म्हणजे मशीन किती वीज खातं, ते किती ओढतं हे त्यावरून कळत नाही. वॉटर लिफ्ट म्हणजे तोंड पूर्ण बंद असताना पाण्याचा स्तंभ किती इंच उचलेल. सीएफएम (मिनिटाला घनफूट) म्हणजे तोंड पूर्ण उघडं असताना किती हवा वाहेल. हे दोन्ही कमाल आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. म्हणून एअर वॅट बघा: एकाच क्षणीची इंचातली लिफ्ट गुणिले सीएफएम, भागिले ८.५. दोन मशीनची तुलना करायची तर याच आकड्याने. फरशीच्या, तीन-चार पॉइंटच्या घराला पाचशेच्या आसपास एअर वॅट पुरतात. सातशेचं मशीन गालिच्याच्या घरांसाठी.

१५. बॅगचं घ्यावं की बिनबॅगचं?

पुण्यातल्या धुळीसाठी मी बॅगचं सुचवतो. बिनबॅगच्या डब्यात चक्री हवेने जाड कचरा खाली पडतो आणि बारीक धूळ कापडी फिल्टरवर बसते. डबा रिकामा करताना ती धूळ तुमच्याच नाकात जाते, आणि ज्या ॲलर्जीसाठी एवढा खटाटोप केला ती तिथेच गाठते. बॅग आयात करावी लागते हा खरा त्रास आहे. मशीन घेतानाच दोन वर्षांच्या घेऊन ठेवा.

१६. स्वयंपाकघरात जमिनीलगतची ती सुपलीसारखी फट असते, ती कशी?

मला विचाराल तर आपल्या घरांसाठी या सगळ्या सरंजामातली सगळ्यात कामाची वस्तू. ट्रॉल्यांखालच्या स्कर्टिंगमध्ये एक फट बसवतात. केरसुणीने केर तिथपर्यंत आणायचा, पायाने खटका दाबायचा, केर आत. वाकायचं नाही, होस काढायचा नाही. लसणाची सालं, कोथिंबिरीची पानं, सांडलेलं पीठ, सगळं जातं. मावशींनाही हीच गोष्ट पहिल्या दिवशी आवडते. होसची सवय व्हायला मात्र वेळ लागतो.

अट एकच. तुमच्याकडे ओटा आणि फरशी पाणी टाकून धुतात का? असेल तर फट जमिनीच्या पातळीला नको, वर उंबरठ्यासारखी कड हवी. नाहीतर सणाच्या आदल्या दिवशीचं सगळं पाणी पाइपात.

१७. होस भिंतीतच गुप्त होतो, ती पद्धत इथे जमेल का?

नवीन घरात जमेल. होस पाइपातच राहतो, हवा तितका बाहेर ओढायचा आणि काम झालं की मशीनच्या ओढीने तो परत आत जातो. त्यासाठी प्रत्येक पॉइंटमागे होसच्या लांबीएवढा पाइप आणि आणखी मोठ्या घेरावाची वळणं लागतात. म्हणजे प्रश्न ४ मधल्या टप्प्याच्याही आधी आखणी. तयार घरात याच्या मागे लागू नका.

१८. काय ओढायचं नाही?

पाणी, आणि ओलं काहीही. धुपाटण्यातली राख, कितीही गार वाटली तरी, कारण पोटात निखारा धरून असते. फुटलेल्या काचेचे मोठे तुकडे. आणि घरात पीओपी, पुट्टी, टाइल कटिंग चालू असताना उडालेली धूळ तर बिलकुल नाही. ती फिल्टरची छिद्रं बुजवते आणि पावसाळ्यातल्या ओलीने पाइपात घट्ट होते. रंगकाम संपेपर्यंत पॉइंटवर टेप मारून ठेवा, नाहीतर कामगार हमखास वापरून बघतात.

रांगोळी चालते. गणपतीच्या सजावटीतले थर्माकोलचे मणी चालतात, पण ते होसला आतून चिकटून बसतात. शेवटी मूठभर कोरडे तांदूळ ओढले की निघून जातात.

१९. ओढ कमी झाली. कुणाला बोलवायचं?

आधी स्वतः पाच मिनिटं बघा. डबा किंवा बॅग भरली आहे का? नसेल तर होस काढून पॉइंटवर तळहात ठेवा (सुरू करायला कुणाला तरी मशीनपाशी उभं करा). पॉइंटवर ओढ जोरात असेल तर होस किंवा दांडा तुंबलाय, आणि दहापैकी आठ वेळा तेच असतं, कारण होसचा आतला व्यास पाइपापेक्षा बराच कमी असतो. एकाच पॉइंटवर ओढ कमी असेल तर त्या फाट्यात अडथळा. सगळीकडेच कमी असेल तर मुख्य लाइन, मशीन किंवा कुठलं तरी झाकण नीट न बसलेलं.

होस तुंबला तर त्याचं दुसरं टोक पॉइंटवर हाताने दाबून धरा, उलट्या ओढीने बोळा निघतो. पाइपात तार किंवा सळई घालू नका, सांधे फाटतात. एवढं करूनही सुटलं नाही तर प्रश्न ४ मधले फोटो घेऊन मग फोन करा.

२०. कानातलं ओढलं गेलं! गेलं का कायमचं?

मशीन लगेच बंद करा आणि पुन्हा चालू करू नका. आधी पॉइंटमागचा आखूड बेंड बघा (प्रश्न ९), मग होस उभा धरून झटका. तिथे नसेल तर ते डब्यात किंवा बॅगेत आहे. अंगणात जुनी चादर पसरा, तोंडाला रुमाल बांधा, आणि बॅग कापून चाळणीने चाळा. पिठाच्या नव्हे, रव्याच्या. मोत्याची कुडी, मंगळसूत्राचे मणी आणि एकदा चक्क दाताची कॅप, असं सगळं परत मिळालेलं आहे. मशीनच्या पुढे काही जात नाही.

२१. पावसाळ्यात काय काळजी? पाइपातून झुरळं येतील का?

पॉइंटच्या झाकणाला रबर असतं आणि स्प्रिंगने ते दाबून बसतं, त्यामुळे झुरळं त्यातून येत नाहीत. रबर कडक झालं की बदला. खरा उपद्रव बाहेरच्या तोंडाशी होतो. महिनाभर गावी गेलात तर कुंभारमाशी तिथे मातीचं घर करून ठेवते. लोंबतं झाकण लावा. बारीक जाळी नको, तिच्यावर तूस बसून वाट बंद होते. जूनच्या सुरुवातीला बॅग बदला. अर्धी भरलेली बॅग चार महिने दमट हवेत राहिली की कुबट वास मारते.

२२. सोसायटीची परवानगी लागते का?

आतलं काम असलं तरी दुरुस्तीची एनओसी नेहमीसारखी घ्या. बाहेरच्या भिंतीला भोक किंवा डक्टमध्ये पाइप असेल तर तसं अर्जात स्पष्ट लिहा. आवाजाची तक्रार येते ती बहुतेक वेळा मशीन शेजाऱ्यांच्या सामायिक भिंतीवर टांगल्यामुळे. भिंत थरथरते आणि पलीकडे झोपलेल्या माणसाला घरघर ऐकू येते. आपल्या आतल्या भिंतीवर, रबरी वॉशर घालून टांगा. दुपारी एक ते चार चालवू नका, हे पुण्यात वेगळं सांगायला नको.

२३. एकूण खर्च किती?

मशीन आयातीचं असल्याने भाव बदलत राहतात, म्हणून आकड्यापेक्षा कोटेशन कसं मागायचं ते सांगतो. मशीन, पाइप आणि फिटिंग, होस आणि ब्रशचा संच, मजुरी, असे चार भाग वेगळे लिहून मागा. "पर पॉइंट" एकच दर देणाऱ्याला पाइपाचं माप आणि बेंडचा प्रकार लेखी विचारा, कारण प्रश्न ८ मधली काटकसर तिथेच लपते.

२४. आत्ता फक्त पाइप टाकून ठेवला आणि मशीन पुढे कधी घेतलं तर?

उत्तम. पैशांची ओढाताण असेल तर मी हेच सुचवतो. पाइप आणि २४ व्होल्टची तार टाका, प्रश्न ९ प्रमाणे गळती तपासा, आणि पॉइंटच्या जागी बॉक्स बसवून त्यावर स्विचबोर्डाची कोरी प्लेट लावा. प्रत्येक बॉक्समध्ये तार हातभर जास्त ठेवा. मशीनकडच्या टोकाला एंड कॅप घाला, नुसता बोळा कोंबू नका, उंदीर तो ओढून काढतात. १६ अँपिअरचा पॉइंट आत्ताच काढून घ्या. आणि पेंटरला त्या कोऱ्या प्लेट दाखवून ठेवा. एका घरात त्याने दोन प्लेट पुट्टीखाली सपाट करून टाकल्या होत्या. चार वर्षांनी मशीन आलं तेव्हा आम्ही भिंतीवर टिचक्या मारत त्या शोधत होतो.